जुन्या खेळाडूंच्या आठवणी छापाव्यात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर इंग्लंडमधील फुटबॉलपटूंच्या करारांचे कोट्यवधींचे आकडे वारंवार वाचायला मिळतात. त्याच इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या काळात पैसे घेऊन फुटबॉल खेळणारी जी पहिली पिढी होऊन गेली, तिच्यातील एका खेळाडूची हकीकत वाचकांपुढे ठेवावी आणि त्या अनुषंगाने आपल्याला एक विनंती करावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आर्थर व्हार्टन यांचा जन्म १८६५ साली आजच्या घाना देशातील अक्रा येथे, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. मुलानेही तोच मार्ग धरावा म्हणून त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. पण डार्लिंग्टनच्या कॉलेजात त्यांचे मन पुस्तकांपेक्षा मैदानावरच अधिक रमले. जुलै १८८६ मध्ये लंडनच्या स्टॅम्फर्ड ब्रिज मैदानावर त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेतील शंभर यार्डांची शर्यत १० सेकंदांत जिंकली आणि पुढच्या वर्षीही ते विजेतेपद राखले. त्याच सुमारास ते प्रेस्टन नॉर्थ एंड या नामांकित संघाचे गोलरक्षक झाले.

खेळाडूला मोबदला देणे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या नियामक संस्थेने, मान्य केले ते जुलै १८८५ मध्ये, आणि तेही बऱ्याच वादानंतर. तो आग्रह धरला होता मुख्यतः लँकेशायरच्या गिरणगावांतील क्लबांनी. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की कामगार मैदानाकडे वळत, तिकिटांचे पैसे जमत. मग सामन्यासाठी ज्या विणकराचा खाडा होई, त्याची मजुरी कोणी भरून द्यायची? घरच्या श्रीमंतीवर खेळणाऱ्यांना हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. खानदेशातील वाचकाला ती गावे अगदीच परकी वाटू नयेत, कारण १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांकडे जो हिंदुस्थानी कापूस गेला, त्यात आपल्या काळ्या जमिनीत पिकलेलाही होता.

व्हार्टन १८८९ मध्ये रॉदरहॅम टाउनकडून रीतसर व्यावसायिक झाले. १८९४ मध्ये शेफिल्ड युनायटेडने त्यांना घेतले. परंतु तिथे विल्यम फोक हा अवाढव्य देहाचा गोलरक्षक असल्यामुळे त्यांना संधी क्वचितच मिळाली. तरीही १८९५ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल लीगच्या सर्वोच्च विभागात सामना खेळून, त्या पातळीवर खेळणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. पुढे लहान क्लबांतून खेळत १९०२ मध्ये, स्टॉकपोर्ट काउंटीकडून खेळल्यानंतर, त्यांची कारकीर्द संपली. निवृत्तिवेतन नव्हते. उत्तरायुष्यात त्यांनी यॉर्कशायरमधील एडलिंग्टनच्या कोळसा खाणीत मजुरी केली, आणि डिसेंबर १९३० मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा बसला नाही. तो १९९७ मध्ये, वर्णभेदाविरुद्ध काम करणाऱ्या फुटबॉलप्रेमींच्या खटपटीमुळे बसला.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र दुसरीच गोष्ट. व्हार्टन यांच्या मृत्यूनंतर सुमारे अकरा वर्षांनी, १९४२ मध्ये, शेफिल्डच्या एका वृत्तपत्राला एका जुन्या प्रेक्षकाने पत्र लिहिले. रॉदरहॅमच्या एका सामन्यात व्हार्टन यांनी उडी मारून आडवी दांडी धरली, लोंबकळतच चेंडू दोन्ही पायांत पकडला आणि अंगावर धावून आलेले तीन आघाडीवीर थेट जाळ्यात जाऊन पडले, असे त्यात लिहिले होते. गोलरक्षकाला धक्का देऊन पाडण्याची तेव्हा मोकळीक असे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या युक्तीचे मर्म कळते. चलच्चित्रण नसलेल्या काळातील हा प्रसंग आज आपल्याला ठाऊक आहे, तो एका वाचकाने लिहिला आणि एका संपादकाने छापला म्हणून.

आपल्याकडे यात्रेतील कुस्त्यांच्या दंगली गाजवणारे मल्ल झाले, शाळांच्या मैदानांवर तयार झालेले कबड्डी आणि खो-खोचे खेळाडू झाले, नंदुरबारच्या सातपुडा भागातून अनवाणी धावणारी मुले आली. भुसावळच्या रेल्वे मैदानावर मी लहानपणी पाहिलेला एक गोलरक्षक लोको शेडमध्ये फिटर होता. पाळी संपवून तो तेलकट हातांनीच गोलपोस्टमध्ये उभा राही. हातमोजे त्याला ठाऊकच नव्हते. चेंडू अडवताना एकदा मोडलेली त्याची उजवी करंगळी पुन्हा सरळ झाली नाही. त्याचा खेळ पाहिलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत, आणि तीच गत जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव येथील गिरणी कामगारांच्या खेळांची आहे. एकेक गिरणी बंद पडली, कामगार पांगले. त्यांच्यात कोण कसे खेळत होते, हे सांगणारे आता थोडेच उरले आहेत.

म्हणून विनंती अशी की, आपण आठवड्यातून एकदा क्रीडा पानावर थोडी जागा राखून खानदेशातील जुन्या खेळाडूंविषयी वाचकांची पत्रे मागवावीत. नुसता गौरव नको. खेळाडूचे गाव, संघ, पोटापाण्याचा उद्योग, समोरचा संघ, अंदाजे साल आणि लिहिणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एखादा प्रसंग एवढे असले तरी पुष्कळ झाले. शक्य असेल तेथे छायाचित्राची प्रतही मागवावी, आणि आपल्या कार्यालयातील जुन्या अंकांच्या फायलींत त्या सामन्याचा निकाल सापडल्यास तोही पत्राखाली तारखेसह छापावा. असे सदर सुरू होणार असेल तर त्या फायली चाळण्याच्या कामाला मी आनंदाने येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, भुसावळ