पहिलीच्या भाषेच्या तासाला खेळू द्या : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री,
सादर नमस्कार.

पहिलीत येणारं मूल बोलायला घरूनच शिकून येतं. वाचनाचं तसं नाही. लिपीचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली आहेत आणि ती प्रत्येक मुलाला नव्याने कुणीतरी शिकवावीच लागते. मी पहिलीचा वर्ग शिकवते. माझी मागणी एकच आहे : भाषेच्या तासातला रोजचा अर्धा तास ध्वनीच्या आणि अक्षरांच्या खेळांसाठी अधिकृतपणे राखून ठेवा.

आज तो वेळ गिरवण्यात जातो. तपासणीला येणारे साहेब वह्या पाहतात, म्हणून आम्ही वह्या भरून घेतो. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत घडाघडा म्हणणारं मूल ‘कमान’ या शब्दापाशी मात्र अडतं. बोललेला शब्द सुट्या ध्वनींचा बनलेला असतो, हे त्याच्या कानाला अजून उमगलेलंच नसतं.

ते खेळातून उमगतं. शब्दांच्या भेंड्याच घ्या. घर, रथ, थवा, वाघ, घड्याळ... आणि इथे गाडी अडते. ‘ळ’ने सुरू होणारा शब्द मुलं शोधत राहतात, एकमेकांना विचारतात, आणि असा शब्दच नाही हे त्यांचं त्यांनाच कळतं. मग कुणीतरी मुद्दाम ‘बाळ’, ‘फळ’, ‘केळ’ असे शब्द देऊन समोरच्या गटाला कोंडीत पकडायला लागतं! शब्दाचं शेवटचं अक्षर कानाने वेगळं काढायचा हा सराव वहीत कितीही पानं भरली तरी होत नाही.

अर्थात नुसत्या ध्वनींवर थांबून चालणार नाही. ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांचा अभ्यास १९८३ साली ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी काही मुलांकडून शब्दांतले सारखे ध्वनी ओळखण्याचा सराव करून घेतला. त्यांतल्या ज्यांना सोबत प्लॅस्टिकची अक्षरंही हाताळायला मिळाली, ती वाचनात सर्वांत पुढे गेली. म्हणून कान आणि अक्षर यांची सांगड हवी. म, क, न, र आणि काना एवढी कार्डं मुलांच्या हाती दिली, तरी मामा, काका, नाक, कान, रान, मका, कमान असे कितीतरी शब्द जुळतात. पहिल्याच आठवड्यात मूल खरा, अर्थ असलेला शब्द वाचतं. सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत त्याला ताटकळत का ठेवायचं?

आपल्या लिपीत काही खाचखळगे आहेत, तिथे तर खेळाशिवाय भागत नाही. पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर होतो. एका मुलाने ‘क’ व्हायचं, दुसऱ्याने वेलांटी घेऊन त्याच्या अलीकडे उभं राहायचं, की वर्ग ओरडतो ‘कि’. वेलांटी फिरवून पलीकडे गेलं, की ‘की’. घ-ध, भ-म या जोड्यांचा गोंधळही असाच बोटाने वाळूत काढून, कार्डं जुळवून सुटतो.

हे सगळं अनेक शिक्षकांना ठाऊक आहे, काहीजण करतातही, पण चोरून. कारण वर्गात गलका झाला की ‘शिकवणं चाललेलं नाही’ असा शेरा येतो. तपासणीच्या नमुन्यातून भरलेल्या वह्यांचा रकाना काढा. त्याऐवजी मुलाला न पाहिलेले चार सोपे शब्द वाचायला सांगा. शब्द जोडायला त्याला वेळ लागेल, तेवढा द्या. पहिलीत घड्याळ लावून वाचन मोजू नका.

शेवटची विनंती पुस्तकांबद्दल. गोष्टीची पुस्तकं शाळेत येतात आणि कपाटात कुलूपबंद होतात. डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या मालकीच्या वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद असते, आणि पान फाटलं तर भरपाई कोण देणार, ही धास्ती. सहा वर्षांचं मूल पुस्तक हाताळणार, तर ते फाटणारच. वापरून फाटलेलं पुस्तक शाळेच्या पातळीवरच निर्लेखित करण्याचा, म्हणजे त्या नोंदीतून कमी करण्याचा, अधिकार मुख्याध्यापकांना द्या आणि तसं लेखी परिपत्रक काढा.

आपली नम्र,
पहिलीच्या वर्गाची एक शिक्षिका