मंत्रिमहोदय, आरोग्याच्या धड्यात ‘कशावरून?’ हा प्रश्नही येऊ द्या

माननीय शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या पुस्तकातला आरोग्याचा धडा उघडला की आज्ञांची रांग लागते. हात धुवा, पाणी उकळून प्या, लस टोचून घ्या, मनाने औषधं घेऊ नका. यातली एकही आज्ञा चुकीची नाही. माझी तक्रार निराळी आहे. हे कोणाला आणि कसं कळलं, याचा धड्यात पत्ताच नसतो. मी डॉक्टर नाही, शिक्षकही नाही. वैद्यकाबद्दल हौसेने वाचणारा साधा माणूस आहे. त्या वाचनात मला सगळ्यात जास्त मजा जिथे आली, नेमका तोच भाग पुस्तकातून गाळलेला दिसतो.

स्कर्व्हीचंच घ्या. ‘क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग’ एवढं लिहिलं की एक गुण मिळतो. आता त्यामागची हकीकत पाहा. 1747 साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरने जहाजावरचे 12 आजारी खलाशी निवडले. दुखणं शक्य तितकं सारखं, जेवण एकच, झोपायची जागाही एकच. मग दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची दारू, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला लसूण-मोहरी घातलेलं चाटण, एकीला चक्क पातळ केलेलं गंधकाम्ल आणि शेवटच्या जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. फळं सहा दिवसांत संपली. तरी तेवढ्यात त्या दोघांपैकी एक जण कामावर जाण्याजोगा झाला आणि दुसऱ्याला इतरांच्या शुश्रूषेला लावलं. क जीवनसत्त्व नावाची काही चीज असते, हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं.

पुढचा भाग तर मला अधिकच आवडतो. रस टिकावा म्हणून लिंडने तो आटवून ठेवायचा उपाय सुचवला. उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होतं, त्यामुळे तो आटवलेला रस जवळजवळ निकामी ठरला. ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस नियमाने मिळू लागायला 1795 साल उजाडलं. तुलना अचूक, निष्कर्ष अर्धामुर्धा आणि अंमलबजावणी पन्नासेक वर्षं लांबलेली! विज्ञान असं अडखळत पुढे जातं हे मुलांना कळलं, तर त्यांचा विज्ञानावरचा विश्वास उडेल असं मला वाटत नाही.

तीच गोष्ट जलसंजीवनीची. कृती सगळ्यांना पाठ असते, पण त्यात साखर का? चवीला, असं बहुतेक जण सांगतील. खरं तर आतड्याच्या पेशी साखरेतलं ग्लुकोज आत घेताना त्याच्याबरोबर मिठातलं सोडियमही घेतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. पटकीतही, म्हणजे कॉलऱ्यातही, ही वाट चालू राहते. 1971 साली निर्वासितांच्या छावणीत सलाइन अपुरं पडू लागलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी रुग्णांना हेच द्रावण तोंडाने पाजलं आणि तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. साखरेचं कारण कळलेला मुलगा घरी द्रावण करताना ती विसरणार नाही.

यावर तुमच्या खात्यातले अधिकारी काय म्हणतील, याचा अंदाज आहे. मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं तर उद्या ती लशीवरही शंका घेतील. अहो, शंका तशीही येतेच. ज्याला फक्त आज्ञा माहीत आहे, त्याला कोणीतरी तितक्याच ठाम सुरात उलटी आज्ञा दिली की तो काय करणार? उलट, 1954 साली अमेरिकेत पोलिओच्या लशीच्या चाचणीत 18 लाखांवर मुलं सहभागी झाली होती आणि त्यातल्या एका मोठ्या गटात कोणाला लस मिळाली, कोणाला लशीसारखंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण, हे पालकांना आणि डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं, एवढं ज्याला समजलंय, त्याच्याकडे निदान एक मोजपट्टी असते. ही मोजपट्टी नसेल तर चांगली शिकलेली माणसंही फसतात. सर्दी बहुधा आठ-दहा दिवसांत आपणहून जाते, पण श्रेय मिळतं ते शेवटच्या दिवशी घेतलेल्या काढ्याला.

माझं मागणं अवघड नाही. आठवीच्या वर्गात चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट करा. एकाने मिनिटभर जागच्या जागी उड्या मारायच्या, दुसऱ्याने बसून राहायचं, मग सगळ्यांची नाडी मोजायची. नंतर विचारा: चिठ्ठ्या का टाकल्या? खेळाडू मुलं आपणहून एकाच गटात गेली असती तर आकड्यांचं काय झालं असतं? नाडी मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे ते ठाऊक नसेल तर बरं, ते का? सेकंदकाट्याचं घड्याळ सोडून काही लागत नाही.

पण परीक्षेत येत नाही ते वर्गात शिकवलं जात नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत दरवर्षी एक प्रश्न असा हवा: ‘आमच्या गोळीने 100 पैकी 90 जण बरे झाले’ अशी जाहिरात आहे, खरं-खोटं ठरवण्यासाठी तुम्ही आणखी काय विचाराल? गोळी न घेतलेल्यांपैकी किती जण बरे झाले, हे ज्याने विचारलं त्याला पूर्ण गुण द्या. दहा गुणांचा नको, दोन गुणांचा असला तरी चालेल.

आपला,
एक विज्ञानप्रेमी नागरिक