फोटो कापलात आणि शिरस्त्राण गेलं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ग्रीक भांड्यावरच्या चित्राबद्दल लेख आला, अशा विषयावर अर्धं पान मिळतंय हेच केवढं! पण फोटो बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. कॉलमात बसवायला दोन्ही बाजूंनी कापलाय, आणि कापताना नेमकं जे जायला नको होतं तेच गेलंय.

ट्रॉयच्या युद्धातले ग्रीक वीर अकिलीस आणि एजॅक्स समोरासमोर बसून पटावरचा खेळ खेळतायत, हे चित्र एक्सेकियासचं. अथेन्सचा हा माणूस, इ.स.पू. ५४०-५३० च्या सुमाराचं काम, भांडं स्वतःच घडवलं आणि चित्रही स्वतःच काढलं, तशी सहीच आहे त्याची त्यावर. सापडलं इटलीत, वुल्चीला, आता व्हॅटिकनच्या म्युझियममध्ये आहे. उंची साधारण ६१ सेंमी, त्यामुळे माणसं आपल्याला फोटोत वाटतात तेवढी मोठी नाहीत, आणि तरी अंगावरच्या वस्त्रांची नक्षी बघा, एकेक रेघ काळ्या थरावर टोकदार हत्याराने कोरून काढलीय. लेखात "काळ्या रंगाने रंगवलेलं" म्हटलंय तेही तितकंसं बरोबर नाही, तो रंग नव्हेच, बारीक मातीचा पातळ लेप आहे, भट्टीतली हवा कधी आत सोडायची कधी कोंडायची या हिशेबाने तो काळा होतो.

असो, मुद्दा तो नाही. मुद्दा उजव्या कडेचा.

अकिलीसच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे, वर उंच तुरा. एजॅक्सचं डोकं उघडं. त्याचं शिरस्त्राण मागे ढालीवर ठेवलंय, आणि तीच ढाल तुमच्या फोटोत कापली गेलीय. त्यामुळे वाचकाला वाटणार की एकाला आहे, दुसऱ्याला नाहीच. दोघे तसे बरोबरीचे, पण त्या तुऱ्यामुळे अकिलीस सरस दिसतो. तोंडाजवळ अक्षरं आहेत, अकिलीस म्हणतोय "तेसारा" म्हणजे चार, एजॅक्स म्हणतोय "त्रिआ", तीन. ग्रीक सैन्यात अकिलीसनंतरचा नंबर एजॅक्सचा, आणि इथे खेळातही बिचारा एकाने मागेच. भाले मात्र दोघांनी हातातून सोडलेले नाहीत, तिरपे धरलेत, त्यांच्या रेषा खाली येत येत आपली नजर बरोब्बर खेळाच्या ठोकळ्यावर नेऊन सोडतात.

आणि हेडिंग काय तर "युद्धभूमीवरचा जुगार". अहो पण पणाला काय लावलंय? चित्रात तरी काहीच दिसत नाही. द्यूत म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच भरलेली सभा उभी राहते, इथे सभाही नाही आणि हरणाऱ्याचं काही जातही नाही, निदान या डावात तरी. जायचंय ते पुढे. अकिलीस ट्रॉयमध्येच मरणार, त्याचं प्रेत एजॅक्स खांद्यावर घालून आणणार, मग अकिलीसची शस्त्रं मिळणार ऑडिसियस या दुसऱ्याच ग्रीक वीराला आणि त्या अपमानाने एजॅक्स स्वतःच्या तलवारीवर पडून जीव देणार. ग्रीक प्रेक्षकाला हे सगळं पाठ, म्हणून चित्रात काही म्हणजे काही घडत नसूनही पोटात कालवतं. होमरच्या इलियडमध्ये हा प्रसंग नाहीये बरं का. पण नंतर दीडशेहून जास्त भांड्यांवर तो परत परत आला, पुष्कळ ठिकाणी मध्ये अथेना देवी येऊन उभी राहते आणि माझ्या मते तिथेच मजा जाते, ती शांतताच मोडते.

एक्सेकियासने एजॅक्सचा शेवटही काढलाय, ते भांडं फ्रान्समध्ये बुलोन्य-सुर-मेरला आहे. एकटा एजॅक्स वाकून तलवार मातीत रोवतोय आणि शेजारी ढालीवर तेच काढून ठेवलेलं शिरस्त्राण. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की कळतं मी एका कडेसाठी एवढा का भांडतोय.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या रविवारी फोटो पूर्ण छापा, लहान छापा हवं तर. आणि जागा उरलीच तर भांड्याची मागची बाजूही टाका, तिकडे ग्रीक पुराणातले जुळे भाऊ कॅस्टर आणि पॉलिड्युसीस घरी आलेत, आईवडील समोर उभे आहेत आणि कुत्रं पॉलिड्युसीसच्या अंगावर उड्या मारतंय.

आपला,
एक नियमित वाचक