सायमन क्रेफार यांना एका गॅरेजवाल्याचं पत्र

आदरणीय सायमन क्रेफार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात दुचाकींचं गॅरेज चालवतो. आपली भेट कधीच झालेली नाही, तरी तुमचे आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही.

१९९८ साली इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या मोटारसायकल शर्यतीत तुम्ही यामाहावर होंडाच्या जगज्जेत्या मिक डूहानला मागे टाकलंत आणि ५०० सीसी गटातली होंडाच्या सलग विजयांची माळ तोडलीत. पुढच्याच वर्षी संघानं डनलॉप सोडून मिशेलिन टायर घेतले. तुमचं त्यांच्याशी जमेना, आणि मोसम अर्ध्यावर असतानाच तुमची जागा गॅरी मॅककॉयला गेली. नुसता टायर बदलला की ओळखीची गाडी परकी होते, हे तुम्ही स्वतः भोगलंय. मला मनापासून वाटतं, पुढे वार्ताहर म्हणून तुम्ही जे प्रश्न विचारलेत, ते तिथूनच आले.

२०१८ पासून मोटोजीपी या जागतिक मोटारसायकल शर्यतींच्या पिट लेनमध्ये, म्हणजे संघांच्या गॅरेजसमोरच्या पट्ट्यात, माइक घेऊन उभे राहिलात, तेव्हा गाडीला नेमकं काय होतंय ते तुम्ही खोदून काढायचात. ब्रेक मारताना, वळणात असताना, की बाहेर पडताना रेस देताना? पुढचं चाक की मागचं? ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की गिऱ्हाइकाला हे मी कधी विचारतच नाही.

एक मुलगा आला होता. "काका, पुढून गाडी हलते." आधीचा मी असतो तर शॉकअप खोलून ऑइल बदललं असतं, आणि तशी बिलं मी पूर्वी केलीही आहेत. या वेळी विचारलं, "रेस देताना की सोडल्यावर?" तो क्षणभर थांबला. "सोडल्यावर. साठवरून पन्नासला येताना." पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवलं. दोन्ही बाजूंना मऊ जात होतं, पण बरोबर सरळ आलं की बोटांना खट्टकन अडकल्यासारखं लागायचं. कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग, गेला होता. शॉकअपला हातही लावावा लागला नाही, पोराचे पैसे वाचले.

२०२५ पासून तुम्ही मोटोजीपीच्या स्टुअर्ड मंडळाचे, म्हणजे शर्यतीत नियम मोडणाऱ्यांवर निर्णय देणाऱ्या पंचांचे, अध्यक्ष आहात. जबाबदारी मोठी आणि योग्य माणसाकडे गेली, पण रविवारी पिट लेनमधला तुमचा आवाज नसतो, याची चुटपुट लागते.

माझ्या जॉबकार्डवर 'तक्रार' या रकान्याखाली आता एक रकाना वाढवलाय: 'नेमकं केव्हा होतं?' हाताखालची पोरं तो भरल्याशिवाय पाना उचलत नाहीत.

तुमचा ऋणी,
पुण्याचा एक गॅरेजवाला