ट्रेडमिल राहू दे, आधी तुळई बघ

कोल्हापूर, रविवार

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हटल्याबरोबर तू सामानाच्या किमती काढायला बसलास, हे तुझ्या स्वभावाला धरूनच झालं. तू दोन पर्याय लिहिलेस : ट्रेडमिल, नाहीतर तो ‘२० किलोचा होम जिम सेट’. मला विचारशील तर दोन्ही नकोत. का, ते सविस्तर लिहितो. वहिनींनाही वाचायला दे, कारण पडवी जाणार आहे ती त्यांचीही.

ट्रेडमिलचं आधी उरकतो. रत्नागिरीत भाट्याची पुळण आणि रत्नदुर्गाचा चढ हाताशी असताना माणसानं पडवीत पट्ट्यावर चालायचं, हे काही पटत नाही. पावसात बाहेर पडता येत नाही म्हणशील, तर नेमकी पावसातच तुमच्याकडे वीज जाते. व्होल्टेज वरखाली झालं की पहिला दगा कंट्रोल बोर्ड देतो, खारी हवा त्यात भर घालते, आणि दुरुस्तीच्या माणसाची वाट तुला बघायची आहे. दुकानदार मोटरचा जो एचपी सांगतो तो बहुतेक वेळा ‘पीक’चा आकडा असतो. मोटर सतत चालताना देते ती ताकद वेगळी आणि बरीच कमी. चालणं फुकट आहे, ते फुकटच राहू दे.

पण नुसतं चालून तुझं भागणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, आणि शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काहीतरी. पहिलं सगळ्यांच्या लक्षात राहतं, दुसरं कुणाच्याच नाही. तुला तर दुसऱ्याचीच गरज जास्त, कारण जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे अंगातले स्नायू. तेव्हा पैसे तिथं घाल.

आता मुद्द्याचं. सामान घ्यायच्या आधी स्वतःला विचार, फुकटात काय मिळतं? ढकलणं फुकट आहे : जोर मार, जमिनीवर जमत नसेल तर ओट्याच्या कठड्यावर हात टेकून मार. बसणं-उठणं फुकट आहे : बैठका. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळाशाळांत सूर्यनमस्कार नेले, त्यालाही एका सतरंजीपलीकडे काही लागलं नाही. पण या सगळ्यात एक गोष्ट नाही, ती म्हणजे ओढणं. जमीन ढकलता येते, ओढता येत नाही. तालमीत ही उणीव कधी भासली नाही, कारण तिथं दोर चढायचा, मल्लखांब होता, आणि सकाळी खोऱ्यानं आखाडा उकरायचा. आमच्या इथली लाल माती तेल, ताक, हळद घालून मुरवलेली. ती उकरताना पाठ, दंड, मनगट सगळं निघायचं. घरात फक्त जोर-बैठका मारणाऱ्याची छाती पुढे येते आणि खांदेही पुढे येतात. तुझे तर बँकेत खुर्चीवर बसून आधीच आलेत. म्हणून पहिला पैसा ओढण्यावर खर्च कर.

शहरातला असतास तर दाराच्या चौकटीत बसणारा पुल-अप बार सुचवला असता, नव्हे, तोही नसता सुचवला. चौकटीवर अडकवायचे ते बार बाहेर पट्टी असलेल्या चौकटींसाठी केलेले असतात. आपल्याकडची चौकट भिंतीत सपाट बसलेली, त्याला धरायला काहीच मिळत नाही. पिळून ताणून बसवायचे असतात ते घसरतात. तुझं घर तर जांभ्याचं. चिऱ्यात अँकर ठोकून त्यावर ऐंशी किलोचा माणूस लोंबकळावा, असा सल्ला मी देणार नाही.

पण तुझ्याकडे तुळई आहे की लेका! लाकडी जिम्नॅस्टिक रिंगा घे, पट्ट्यांसकट जोडी मिळते. रिंग प्लास्टिकची नको, घामानं हात सटकतो. पट्ट्याचं बक्कल ओढून आपोआप आवळणारं हवं, आणि त्यावर किती किलो पेलतं ते छापलेलं हवं. पट्टा तुळईवरून घ्यायचा, वाशावरून नाही. वासा कौलांचं ओझं पेलायला असतो, तुझं नाही. आधी स्क्रूड्रायव्हरनं तुळई ठिकठिकाणी टोचून बघ. आत गेला तर वाळवी आहे, मग हा बेत रद्द आणि सुताराला बोलाव. टणक लागली तर कडेला सतरंजीचा तुकडा ठेव, म्हणजे पट्टा काचणार नाही. पहिल्या दिवशी पाय जमिनीवर ठेवूनच हळूहळू भार टाक.

पडवीचं छप्पर उतरतं, तिथली तुळई खाली, म्हणून लोंबकळता येणार नाही असं तुला वाटेल. लोंबकळायचंच नाहीये. रिंगा कमरेइतक्या खाली सोड, धरून मागे तिरका हो, टाचा टेकलेल्या, अंग फळीसारखं सरळ, आणि छाती रिंगांपर्यंत ओढ. उभ्याला जितका जवळ तितकं सोपं, आडवं होत जाशील तसं अवघड. एवढ्या एका सामानात तुझी दोन-तीन वर्षं निघतील. वहिनींनाही जमेल, फक्त त्यांचा तिरकेपणा वेगळा. (हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नकोस.)

दुसरी खरेदी : वजन. आता त्या २० किलोच्या सेटबद्दल. त्या प्लेटा लोखंडाच्या नसतात. वरून पीव्हीसीचं कवच, आत सिमेंट-वाळूचा भराव. आपटली की तडा जातो आणि फरशीवर वाळू सांडायला लागते. छापलेलं वजन आणि काट्यावरचं वजन जुळेल याची खात्री नाही. त्याहून मोठी अडचण अशी की २० किलो दोन हातांत वाटले की दहा-दहा. दंडांना ते बरे, पण तुझ्या पायांना आणि कमरेला त्याचं काय? तू २५ किलोची तांदळाची पिशवी खांद्यावर टाकून पायऱ्या चढतोस. सेटसोबत हातमोजे, दोरी, मनगटाचा पट्टा, हाताची पकड वाढवायची चिमटी असं काय काय येतं, ते सगळं डब्यातली गर्दी.

त्याऐवजी डंबेलचे दोन रॉड आणि बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, सुट्या प्लेटा घे : सव्वा, अडीच आणि पाच किलोच्या. सव्वाच्या प्लेटा विसरू नकोस. वजन वाढवायचं ते थोडं थोडं, आणि पाचची उडी खांद्याला झेपत नाही. प्लेटेच्या भोकाचं माप एकदा ठरवलंस की तेच धरून राहा. बारीक रॉडचं भोक साधारण इंचभराचं, ऑलिंपिक रॉडचं ५० मिलिमीटरचं. दोन्हींची सरमिसळ झाली की निम्म्या प्लेटा नुसत्या पडून. ऑलिंपिक रॉड घ्यायच्या भानगडीत तर पडूच नकोस. तो रिकामाच २० किलोचा आणि २.२ मीटर लांब, तुझ्या पडवीत फिरवताना खिडकी जाईल.

जोडीला एक केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेला लोखंडी गोळा, १२ किलोची. आपल्या तालमीतल्या मुद्गल-करेल्याच्या जातीचीच चीज, फक्त रशियातून आलेली. दुकानात मुठीच्या आतल्या बाजूनं बोट फिरव. ओतकामाची शीर तशीच राहिली असेल तर आठवड्यात तळहात सोलून निघेल. मूठ दोन्ही हात मावतील एवढी रुंद हवी, बूड सपाट हवं. सिमेंट भरलेली घेऊ नकोस. तेवढ्याच वजनाला ती फुगते आणि मनगटावर आपटते.

तुमच्या हवेत लोखंड घ्यायचं म्हणजे गंज आलाच. क्रोमची चकाकी बघून भुलू नकोस, मुठीच्या खाचांतूनच गंज सुरू होतो. व्यायाम झाला की घाम पुसायचा, पावसाळ्यात अधूनमधून शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवायचा, मुठीवरचं तेल कोरड्या फडक्यानं काढायचं. थेट फरशीवर ठेवायचं नाही, खाली रबरी मॅट हवी. निळ्या-लाल फोमच्या जोडमॅटा वजनाखाली दबून बसतात, रबराचीच घे. सुरुवातीला वास येईल, वाऱ्यावर उघडी ठेव, जातो.

रबरी बँड घेतलेस तर कपाटात ठेव. उन्हात लटकवलेले तडकतात आणि तुटले की तोंडावर येतात. बाक आत्ता नको, सहा महिन्यांनी बघू.

जुनं घ्यायला लाजू नकोस. लोखंड म्हातारं होत नाही. बंद पडलेल्या जिमच्या प्लेटा किलोवर मिळतात, गंज तारेच्या ब्रशनं निघतो. रिंगांचे पट्टे आणि बँड मात्र नवेच. हवं तर प्लेटा मी इथून पाठवतो. शिरोलीला फौंड्र्या ढीगभर, ओळखीच्या एकाकडे बिडाच्या मिळतात, ट्रान्सपोर्टला टाकतो.

आणि वजन उचलायच्या आधी डॉक्टरांना रक्तदाबाचं एकदा विचार. उचलताना श्वास कोंडायचा नाही, जोर लावताना सोडायचा. कोंडला की दाब झटकन चढतो.

आता तुझं काम : तुळईची जाडी आणि फरशीपासूनची उंची मोजून कळव, पडवीची आणि माजघराची, दोन्ही. पाऊस लागायच्या आत कळव, म्हणजे प्लेटा कोरड्या रस्त्यानं येतील. ट्रेडमिलवाल्याला टोकन दिलं असशील तर आजच फोन करून परत माग.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दादू