पोटावर हात ठेवलेला तो फोटो

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पान ५ वर 'सीपीआर प्रशिक्षण शिबिर उत्साहात संपन्न' ही बातमी वाचली. (सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं.) त्या शिबिराला मी हजर होतो. तिसऱ्या रांगेत, कूलरच्या मागे. उत्साह मला तिथून दिसला नाही, पण आपले वार्ताहर पहिल्या रांगेत होते, त्यांना दिसला असेल. बातमीत २३ मान्यवरांची नावं आहेत, मी बोट ठेवून मोजली. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, मग प्रमुख उपस्थिती, मग सूत्रसंचालन, मग आभार. ज्या सिस्टरबाईंनी शिकवलं त्या 'आरोग्य कर्मचारीही उपस्थित होते' या अर्ध्या ओळीत आल्या.

त्याचंही काही नाही. नावं छापली नाहीत तर तालुक्यात पेपर कोण घेईल, एवढं मलाही कळतं. माझी तक्रार फोटोबद्दल आहे.

कृपया तो फोटो एकदा पुन्हा पाहा. रबरी पुतळा टेबलावर आहे. टेबलावर लाल कापड, बाजूला पाण्याच्या बाटल्या आणि गुच्छ. मान्यवर उभ्यानं वाकलेत, कोपरं मुडपलेली, नजर कॅमेऱ्याकडे. आणि दोन्ही तळहात पुतळ्याच्या पोटावर! बेंबीच्या चार बोटं वर. खाली आपण छापलंय, 'सीपीआरचे प्रात्यक्षिक करताना मान्यवर'. साहेब, तिथं दाबून हृदयाला काही होत नाही. पोटातलं जेवण तेवढं वर येतं आणि बेशुद्ध माणसाच्या श्वासनळीत जातं.

आमच्या गावात आपला पेपर अकराच्या सुमारास येतो आणि चहाच्या टपरीवर पडून असतो. दिवसभरात चाळीस-पन्नास लोक तो हाताळतात. वाचणारे पाच-सहा, फोटो पाहणारे सगळे. उद्या कुणी कोसळलं की त्यातलाच एखादा धावेल आणि 'पेपरात पाह्यलं होतं ना बाप्पा' म्हणत पोट दाबत बसेल. त्याला मी कोणत्या तोंडानं चूक म्हणू?

शिबिर अडीच तासांचं होतं. पावणेदोन तास शाल, श्रीफळ आणि मनोगतं. एका मान्यवरांनी हृदयाला मराठी माणसाचं काळीज म्हटलं, टाळ्या पडल्या. मग जेवणाची पंगत लागल्याचा निरोप आला आणि निम्मी माणसं उठली. उरलेल्यांना सिस्टरबाईंनी पुतळा खाली फरशीवर घ्यायला सांगितलं. खरं शिबिर तिथं सुरू झालं, पण तेव्हा कॅमेरा जेवायला गेला होता.

त्यांनी काय शिकवलं ते आपल्या बातमीत नाही, म्हणून मी लिहितो. माणूस पडला की खांदे हलवून मोठ्यानं हाक मारायची. उत्तर नाही आणि श्वास नीट नाही, तर एकानं १०८ ला फोन लावायचा. 'कोणीतरी लावा रे' म्हणायचं नाही, एकाकडे बोट दाखवून सांगायचं, तू लाव. माणूस कडक जमिनीवर हवा. बाजेवर, गादीवर दाबलं तर गादीच दबते. शेजारी गुडघे टेकायचे, छातीच्या मधोमध हाडावर एक तळहात, त्यावर दुसरा, कोपरं ताठ, आणि आपल्या अंगाचं वजन टाकून दोन इंच खाली. दर वेळी छाती पुरती वर येऊ द्यायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा. तोंडानं श्वास देणं ज्यांना शिकवलेलं आहे त्यांनी ३० दाबांनंतर २ श्वास द्यायचे. बाकीच्यांनी नुसतं दाबत राहिलं तरी चालतं, पण थांबायचं नाही. विहिरीत, शेततळ्यात बुडालेल्याला मात्र श्वासही द्यावे लागतात.

मिनिटाला ११० म्हणजे किती, हे कुणाला कळेना. मागून एकजण म्हणाला, "भजन संपता संपता खंजिरी पयते ना, तेवढं." सिस्टरबाईंनी घड्याळ लावून पाहिलं आणि हसल्या. बरोबर निघालं. आमच्या भागात घरटी एक खंजिरी वाजवणारा सापडतो, हा हिशेब आजवर कुणाच्या योजनेत आलेला दिसत नाही.

मीही बसलो. वय ६३, गुडघे कुरकुरतात. मोजून चाळीस दाबले आणि दम लागला. बाई म्हणाल्या, "काकाजी, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, एकट्यानं किल्ला लढवायचा नाही." कुणीतरी विचारलं, बरगडी मोडली तर? त्या म्हणाल्या, मोडली तर जुळते, तुम्ही थांबू नका.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. तिच्यासाठी हे पत्र आहे.

त्या म्हणाल्या, हृदय बंद पडल्यावरही सुरुवातीची काही मिनिटं माणूस अधूनमधून तोंड उघडतो, आचका देतो, घशातून घर्रघर्र आवाज काढतो. लोकांना वाटतं श्वास चालू आहे, म्हणून ते दाबत नाहीत. तो श्वास नसतो. तो आवाज ऐकला की दाबायला सुरुवात करायची.

मी तिथंच फरशीवर बसून राहिलो.

२०१५ च्या डिसेंबरात माझा पुतण्या हरभरा ओलायला रात्री वावरात गेला. (रात्रीच का, कारण त्या आठवड्यात लाईन रात्रीची होती. दिवसा लाईन द्या म्हणून मी आपल्याला तीन पत्रं लिहिली, एकही छापून आलं नाही. असो, तो वेगळा विषय.) दोन वाजता सालदार ओरडत आला. मोटर बंद पडली म्हणून पोरानं स्टार्टरची पेटी उघडली होती. हात ओले, पाय चिखलात. आम्ही पोचलो तेव्हा सालदारानं आधीच मेन पाडला होता. त्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसानं एवढी एक गोष्ट बरोबर केली. करंटवर असलेल्या माणसाला त्यानं हात लावला नाही, आधी लाईन तोडली.

पुढचं सगळं आम्ही शहाण्यांनी केलं. कुणी तळपाय चोळले. कुणी "मिरगीवानी दिसते, कांदा हुंगवा" म्हणालं, आणि एवढ्या रात्री कांदा आणायला गाडी पिटाळली गेली. कुणी तोंडात पाणी ओतलं, ते गालावरून खाली आलं. माझा थोरला भाऊ त्याच्या तोंडाशी कान लावून बसला होता. तो सारखा एकच म्हणत होता, "जित्ता हाय रे, श्वास घेऊ राह्यला, आइका." आम्ही सगळ्यांनी ऐकलं. घर्र, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा घर्र. आमच्या जिवात जीव आला. श्वास चालू आहे म्हटल्यावर घाई कशाची! बाज आणली, त्याला बाजेवर घेतलं, बाज ट्रॉलीत ठेवली आणि ट्रॅक्टर काढला. १०८ ला फोन कुणीच केला नव्हता. नंतर विचारलं तर प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्यानं केला. तालुका २६ किलोमीटर. आवाज कोणत्या वळणावर थांबला ते मला आजही माहीत आहे, पण मी ते इथं लिहीत नाही.

मी तेव्हा कंडक्टर होतो. बिल्ला काढताना प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं, ते माझ्याकडे होतं, घरी फ्रेम करून. त्रिकोणी पट्टीनं हात गळ्यात बांधणं मला आजही झोपेत जमेल. त्या रात्री मी काय केलं? बॅटरी धरून उभा होतो.

दाबलं असतं तर वाचला असता, असं सिस्टरबाई म्हणाल्या नाहीत. मी जेवणाच्या वेळी बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा त्यांनी आधी मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, विजेच्या धक्क्यानं हृदय बहुतेकदा एकदम थांबत नाही, नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे ढकलत नाही. ती थरथर शॉकच्या यंत्रानं मोडता येते, आणि यंत्र येईपर्यंत दाबून मेंदूला रक्त पुरवत ठेवायचं असतं. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची आशा ७ ते १० टक्क्यांनी उतरते. बाकी हिशेब मी घरी येऊन केला. करायला नको होता.

आता त्या यंत्राबद्दल. आपल्या बातमीत 'अत्याधुनिक एईडी यंत्र लोकार्पण' असं आहे. यंत्र चांगलं आहे, वाद नाही. झाकण उघडलं की ते स्वतःच बोलतं. एक चिकटपट्टी उजव्या कॉलरच्या हाडाखाली, दुसरी डाव्या बाजूला काखेखाली. छाती ओली असेल तर आधी पुसायची, म्हणजे आमच्याकडच्या मे महिन्यात प्रत्येकाची पुसावी लागणार. मग सगळ्यांनी हात बाजूला घ्यायचे, यंत्र हृदयाची चाल तपासतं आणि गरज असेल तरच शॉक द्यायला सांगतं. नको तिथं आपण द्यायचा म्हटला तरी ते देत नाही. एवढं शहाणं यंत्र मी तरी पहिल्यांदा पाहिलं. फक्त प्रात्यक्षिकात ते इंग्रजीत बोललं आणि सभागृह हसलं. भाषा बदलता येते का, हे मंचावर कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

लोकार्पणानंतर ते यंत्र काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली शिपायाकडे. शिपाई साडेपाचला घरी जातो, रविवारी मामाच्या गावाला. हृदयानं ऑफिसची वेळ पाळावी अशी अपेक्षा असेल तर तसं पत्रक काढा, आम्ही टपरीवर लावू.

शिबिराला वायरमन नव्हते, पिकअपवाले नव्हते, सालदार तर नव्हतेच. आशाताई होत्या, पण त्यांना चहाच्या कपांचं काम दिलं होतं. एकानं पोलिसांचं लचांड मागे लागेल का म्हणून विचारलं, तर मंचावरून 'योग्य ती काळजी घ्यावी' असं उत्तर आलं. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते सांगितलं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. हे मला माझ्या पोरानं मोबाइलवर दाखवलं. मंचावरच्या २३ जणांपैकी एकाला तरी ठाऊक असायला हरकत नव्हती.

आता हरभऱ्याचं ओलित सुरू होईल. माझी विनंती एवढीच की तेवढ्याच आकाराचा, पान ५ वरच, दुसरा फोटो छापा. पुतळा जमिनीवर, माणूस गुडघ्यावर, कोपरं ताठ, हात छातीच्या मधोमध. खाली एकच ओळ टाका की घर्रघर्र म्हणजे श्वास नव्हे. शुद्धिपत्रक वगैरे म्हणू नका, मान्यवरांना वाईट वाटेल. फोटोला माणूस मिळत नसेल तर मी बसतो, फोटोत डोकं कापलं तरी चालेल.

आपला जुना वाचक,
निवृत्त कंडक्टर, ता. आर्वी, जि. वर्धा
(नाव छापू नये. फोटोतले मान्यवर माझे व्याही लागतात.)

ता. क. : पान ४ वरचा कापसाच्या भावाचा तक्ता गेल्या महिन्यापासून दिसत नाही. जाहिरातीला जागा लागते हे समजू शकतो, पण निदान सोमवारी तरी द्या.