गोयटाइन यांना घबाड सापडले नव्हते

संपादक महोदय,

कैरोच्या गेनिझाबद्दल मराठीत लिहिले जाते तेव्हा गोष्ट बहुधा एकाच वळणाने जाते. सिनेगॉगमधली, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहातली, अंधारी कोठडी, देवाचे नाव असेल म्हणून नष्ट न केलेल्या जीर्ण कागदांचा ढीग आणि एका विद्वानाचे फळफळलेले नशीब. हे वर्णन केंब्रिजचे विद्वान सॉलोमन शेख्टर यांना शोभते. फुस्तात म्हणजे जुन्या कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमधून १८९६-९७ मध्ये त्यांनी सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला नेले. इतिहासकार श्लोमो डोव्ह गोयटाइन (१९००–१९८५) यांना मात्र याच साच्यात बसवणे चुकीचे आहे. ते या कागदांकडे गांभीर्याने वळले १९४८ मध्ये, बुडापेस्टचा कॉफमान संग्रह (गेनिझातल्याच कागदांचा) पाहिल्यावर. तोवर हे कागद ग्रंथालयांत पन्नास वर्षे पडून होते. शेख्टर यांना ग्रंथांची पाने हवी होती. उधारीच्या याद्या, घरभाड्याच्या पावत्या, भावाभावांच्या तक्रारी यांकडे याकोब मान यांच्यासारखे मोजके अभ्यासक सोडले तर कोणी फिरकत नव्हते.

गोयटाइन यांची आधीची पंचवीस वर्षे कागदावर विस्कळीत दिसतात. फ्रँकफर्टला कुराणातील प्रार्थनेवर प्रबंध, १९२३ मध्ये पॅलेस्टाइनला स्थलांतर, हैफाच्या शाळेत शिक्षकी, १९२८ पासून हिब्रू विद्यापीठ, १९३४ मध्ये येमेनी ज्यूंच्या म्हणींचा संग्रह, १९३६ मध्ये नवव्या शतकातील इतिहासकार बलाधुरीच्या ग्रंथाच्या एका खंडाचे संपादन. मध्ये एक हिब्रू नाटकही लिहून झाले! आजच्या निवड समितीने 'विषयात सातत्य नाही' असा शेरा मारून अर्ज बाजूला ठेवला असता. पण गेनिझातले एखादे पत्र वाचायला नेमकी हीच तयारी लागते.

भाषा अरबी, लिपी हिब्रू. अरबीची काही अक्षरे हिब्रूत नाहीत, म्हणून जवळच्या अक्षरावर टिंब देतात, आणि घाईत लिहिणारा व्यापारी ते टिंब गाळतो. 'दालेत' आणि 'रेश' ही अक्षरे घाईच्या हस्ताक्षरात जवळपास सारखी दिसतात, त्यामुळे गावाचे किंवा मालाचे नाव भलतेच वाचले जाते. कागद भरला की मजकूर समासात आडवा चढतो आणि कधी वरच्या कडेला उलटा येतो. पत्ता मागच्या बाजूला असतो, म्हणून मागची बाजू आधी पाहावी. वर्ष बहुतेक पत्रांत नसतेच. करारनाम्यांत सेल्युकिद शक ही जुनी ग्रीक कालगणना असते. त्यातून ३११ वजा केले की इसवी सन मिळतो. मात्र हे वर्ष शरद ऋतूत सुरू होते, त्यामुळे तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना ३१२ वजा करावे लागतात. हे विसरले की घटना वर्षभर पुढे सरकते.

नावांचा घोळ याहून मोठा. न्यायालयाच्या कागदात जो अब्राहम असतो, तोच व्यापारी पत्रात अरबी रीतीने बहुधा 'अबू इस्हाक' असतो. दोन्ही नोंदी एकत्र आणल्या नाहीत तर एका माणसाची दोन माणसे होतात. शिवाय एकाच पत्राचे दोन तुकडे दोन देशांतल्या ग्रंथालयांत असू शकतात. गोयटाइन हजारो कार्डे लिहीत बसले ते याचसाठी. व्यक्ती, वस्तू, किंमत, हस्ताक्षर अशा नोंदी हाताशी असल्या की तारीख नसलेले पत्रही जागेवर बसते. उदाहरणार्थ, हाल्फोन बेन मनश्शे या कारकुनाचे अक्षर ओळखले की तो कागद बाराव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांतला, हे कळते.

भारताशी संबंधित पत्रे त्यांनी १९५० च्या सुमारास वेगळी काढली. त्यांतला अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियाकडचा व्यापारी. तो ११३२ ते ११४९ मंगळूरकडे राहिला आणि त्याने तिथे काशाच्या भांड्यांचा कारखाना चालवला. मिरी, सुपारी, लोखंड तो एडनला पाठवी, आणि एडनचे मित्र त्याला साखर, मनुका व कोरा कागद धाडत. आशू नावाच्या दासीला त्याने १७ ऑक्टोबर ११३२ रोजी मुक्त केले, तो दस्तही उरला आहे. इतका ऐवज हाती असूनही गोयटाइन यांनी या भारत-व्यापारावरचे पुस्तक थांबवले. भूमध्य समुद्रावरचा व्यापार समजल्याशिवाय भारताचा समजणार नाही, असे त्यांचे मत झाले. १९५७ मध्ये ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले, पुढे प्रिन्स्टनला. भूमध्य समाजावरच्या ग्रंथाचा पहिला खंड १९६७ मध्ये आला, पाचवा त्यांच्या मृत्यूनंतर १९८८ मध्ये. भारताचे पुस्तक मोर्देखाई फ्रिडमन यांनी पूर्ण केले ते २००८ मध्ये. दर दोन-तीन वर्षांनी प्रकाशनांची यादी मागणाऱ्या व्यवस्थेत असे काम उभे राहणार नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

त्यांच्या निष्कर्षांवर आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. गेनिझात आले ते मुख्यतः फुस्तातच्या एका समुदायाचे कागद. त्यांवरून अख्ख्या भूमध्य प्रदेशाचा समाज रेखाटताना त्यांचा हात सैल सुटतो. मुसलमान-ज्यू सहजीवनाचे चित्रही काही ठिकाणी जरा गुलाबी झाले आहे. पण एका कनिष्ठ मध्यम कुटुंबाचा महिना दोन दिनारांत भागे, हा त्यांचा अंदाज आजही किमती तोलण्यासाठी वापरला जातो. त्यांची कार्डे आणि लिप्यंतरे प्रिन्स्टनच्या गेनिझा प्रकल्पाचा पाया ठरली आणि ती इंटरनेटवर खुली आहेत. एखाद्या अक्षराचे त्यांचे वाचन चुकले असेल, तर मूळ तुकड्याचे छायाचित्र शेजारी ठेवून कोणताही विद्यार्थी ते दुरुस्त करू शकतो.

आपले,
मध्ययुगीन व्यापाराचे काही अभ्यासक